अहिराणी शिकायची तर : अमळनेरच्या मेडिकलमधून

मी मूळची तासगावकडची. लग्न होऊन खान्देशात, अमळनेरला आले, आणि आमचं औषधांचं दुकान असल्यामुळे दिवसातला बराच वेळ काउंटरवर जातो. बदली होऊन आलेल्या नर्सबाई, बँकेतली नवी मुलं, इकडे सून म्हणून आलेल्या मुली, सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला: "ताई, तुम्हाला अहिराणी कशी यायला लागली? एखादं पुस्तक आहे का?" दर वेळी गिऱ्हाईक सांभाळत अर्धवट उत्तर देते. आज सविस्तर लिहिते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. तुम्हाला शाळेचं मराठी चांगलं येत असेल तर अहिराणी लवकर समजेल असं वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. नामं बरीचशी ओळखीची असतात. पोट, डोकं, ताप, भाकर ऐकू आलं की कान निर्धास्त होतो. पण कोणाचं पोट, कधी दुखलं, आता दुखतंय की अधूनमधून, हे सगळं शब्दांच्या शेपटांत असतं आणि ती शेपटं वेगळी आहेत. म्हणून शब्दसंग्रह वाढवायच्या मागे लागू नका. आधी शेपटं धरा.

कुठली अहिराणी?

धुळे जिल्हा, नंदुरबारचा सपाटीचा भाग, जळगावचा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, भडगाव, आणि नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव, बागलाण, कळवण, देवळा. एवढ्या मुलखात एकच एक अहिराणी कशी असेल? बागलाणी वेगळी, नंदुरबारी वेगळी, तापीकाठची वेगळी. कुणी 'वना' म्हणेल, कुणी 'उना'. दोन्हीचा अर्थ 'आला'. कुणाचं 'शे', कुणाचं 'से'. दोन्ही बरोबर. सुरुवातीला मात्र एकच गाव धरा, जमलं तर एकच घर. चार गावांचं एकदम ऐकून बोलायला गेलात तर वाक्याचं डोकं साक्रीचं आणि पाय चाळीसगावचे होतील.

बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कविता वाचून अहिराणी शिकायला निघणारे मला दर वर्षी भेटतात. कविता जरूर वाचा, पण बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या आणि त्यांची बोली लेवा गणबोली. 'मले', 'तुले' आणि 'ळ'चा 'य' दोन्हीकडे आहे, म्हणून सारखेपणा वाटतो. पण त्यांच्या ओळींत 'माझी माय' असते, अहिराणीत ती 'मनी माय' होते. यावल, रावेर, भुसावळकडे गेलात तर तुमचं 'शे' तिथे परकं वाटेल. तसंच नंदुरबारच्या डोंगरातल्या पावरी, मावची या भाषा सरळ वेगळ्याच आहेत, त्यांना अहिराणीच्या पोटात घालू नका.

ही बोली आहे की भाषा, यावर इथल्या चहाच्या टपरीवर तासन्‌तास भांडता येतं. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषासर्वेक्षणात खान्देशी (अहिराणीचंच दुसरं नाव) मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडात ठेवली, ते १९०७ साल. २०११च्या जनगणनेतही खान्देशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, आणि ती मातृभाषा सांगणारे १८ लाखांच्या वर आहेत. शिकणाऱ्याला यातून एवढंच घ्यायचं आहे की हिला स्वतःचं व्याकरण आहे. मराठीचे शब्द वाकडे करून ती तयार होत नाही.

आधी शेपटं

'आहे'च्या जागी 'शे', 'आहेत'च्या जागी 'शेतस'. "घरमा बठ्ठा शेतस" म्हणजे घरात सगळे आहेत. नवखा माणूस यात शेत शोधत बसतो.

'मध्ये'साठी 'मा': घरमा, बजारमा, डोयामा. 'ला'साठी 'ले': मले, तुले, रातले, दुपारले. गुजराती कानावर असेल तर 'शे' आणि 'मा' लगेच ओळखीचे वाटतील. आमच्याकडे सुरतेहून सुट्टीला येणाऱ्या मुलांना त्यामुळेच जड जात नाही.

खरी परीक्षा 'चा-ची-चं' ऐवजी येणाऱ्या 'ना-नी-नं'ची. मना, मनी, मनं. तुना, तुनी, तुनं. इथे शाळेचं मराठी तुम्हाला सरळ फसवतं. कुणी म्हणालं, "त्यानी माय वनी", तर पुस्तकी कान ऐकतो 'त्यांनी' आणि मग पुढच्या क्रियापदाची वाट बघत राहतो. वाक्य तर संपलेलं असतं: त्याची आई आली. "त्याना आंडोर" मध्ये 'त्यांना' ऐकू येतं, पण ते आहे 'त्याचा मुलगा'. दुकानात हा फरक चैनीचा नसतो. औषध कोणाचं, हे 'त्यानी' आणि 'मनी' यांवर ठरतं. पहिले काही आठवडे मी समोरच्याचं बाकी सगळं सोडून फक्त 'ना-नी-नं' मोजत बसायचे. तुम्हीही तेच करा. बसमध्ये शेजारी दोन माणसं बोलत असतील तर विषय सोडून द्या आणि एवढंच ऐका.

मग वर्तमानकाळ. मी जास, तू जास, तो जास, ती जास. बाई असो की बाप्या, रूप एकच. अनेकवचन झालं की 'जातस'. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे बायकासुद्धा "मी जातो", "मी आलो" म्हणतात आणि पुण्याला गेलं की त्यावर हसू होतं. अहिराणीत ती भानगडच नाही, त्यामुळे हा भाग मला सोपा गेला. भूतकाळात मात्र लिंग परत येतं: तो वना, ती वनी, तो गया, ती गयी.

चालू क्रियेसाठी 'ऱ्हायना': "काय करी ऱ्हायना?" पुरुषाला, "काय करी ऱ्हायनी?" बाईला. नर्सबाईंनी हे जरा जपून शिकावं. "पोट दुखस" आणि "पोट दुखी ऱ्हायनं" यांत साधारण तोच फरक आहे जो 'दुखतं' आणि 'दुखतंय'मध्ये. पहिलं ऐकलं तर किती दिवसांपासूनचं ते विचारायचं, दुसरं ऐकलं तर आधी माणसाला खुर्ची द्यायची.

भविष्यकाळ नंतर घेतला तरी चालतो. 'मी येसू', 'तो येई' एवढं कळलं की निभतं.

आवाजांत एकच गोष्ट लगेच उपयोगाची: 'ळ'च्या जागी 'य'. गोळी ती गोयी, डोळा तो डोया, शाळा ती शाया, जळगाव ते जयगाव. काउंटरवर "डोकं दुखस, गोयी दे" हे दिवसातून किती वेळा ऐकते त्याला गणती नाही. हे कानाने ओळखायला शिका. जिभेवर आणायची घाई नको.

आणि थोडे सुटे शब्द, ज्यांच्यावाचून पान हलत नाही: हाव (हो), नही, आठे (इथे), तठे (तिथे), कोठे किंवा कथा (कुठे), काबर (का), कितला (किती), आते (आता), बठ्ठा (सगळा). 'पोर' म्हणजे मुलगी, मुलगा तो 'पोऱ्या'. 'आंडोर' हा पोटचा मुलगा, 'आंडेर' पोटची मुलगी. भाजी घ्यायला गेलात तर घोसाळं मागू नका, गिलके म्हणा. तांबड्या भोपळ्याला गंगाफळ.

लोक तुमच्याशी अहिराणी बोलतच नाहीत

शिकणाऱ्याची खरी अडचण व्याकरणाची नाहीच, ही आहे. तुम्ही तोंड उघडून 'आहे' म्हणालात की समोरचा माणूस ताबडतोब शाळेच्या मराठीवर येतो. काही जण तर हिंदीवर जातात. यात दुरावा नसतो. एक तर ते तुमचा पाहुणचार करत असतात. दुसरं म्हणजे वर्गात अहिराणी बोललं की "नीट बोल" असं ऐकून पिढ्या मोठ्या झाल्या आहेत. परक्या माणसासमोर ही भाषा आत ठेवायची सवय इतकी मुरलीय की बदल केल्याचं त्यांच्याही ध्यानात येत नाही. माझे दीर माझ्याशी मराठीत बोलता बोलता त्यांच्या मित्राचा फोन आला की वाक्याच्या मधूनच अहिराणीत शिरतात, फोन ठेवला की परत मराठी.

यावर "याला अहिराणीत काय म्हणतात?" हा सगळ्यात वाईट उपाय. ते विचारलंत की समोरचा मास्तर होतो, ताठ बसतो, एक शब्द सांगतो आणि पुढे मराठीत समजावतो. तुमच्या वहीत शब्द पडतो, कानात काही पडत नाही. त्याऐवजी विषय काढा. कापसाला काय भाव लागला, लग्नात मानपानावरून काय झालं, विहिरीला पाणी किती आहे. ज्या गोष्टीत माणसाचा जीव अडकलाय ती निघाली की तो भाषा सांभाळायचं विसरतो. भांडणाची हकीकत सर्वात उत्तम. आपलं म्हणणं आणि समोरच्याचं म्हणणं, दोन्ही माणूस जसंच्या तसं बोलून दाखवतो.

दुसरं, दोन इथली माणसं आपसात बोलत असतील तिथे जाऊन बसा. तुमच्याशी बोलणं आणि तुमच्यासमोर बोलणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. माझ्या काउंटरसमोरची रांग मला आयती मिळाली. ती तुम्हाला नसेल तर एसटी आहे, आठवडी बाजार आहे. बायकांसाठी उन्हाळ्यातले बिबडे आहेत. ज्वारीचं पीठ भिजवून शिजवायचं, थापायचं, उन्हात वाळवायचं, हे एकटीचं काम नाही, गल्लीतल्या चारपाच जणी जमतात. हात चिकट झालेले असताना शेजारणीशी शुद्ध मराठी बोलायचं कुणाला सुचत नाही. तुम्ही थापायला बसा आणि गप्प राहा. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात आणि झोक्यावरची गाणी अहिराणीतच चालतात. श्रावणात कानबाई, म्हणजे इकडची देवी, बसते तेव्हा भाऊबंदकी एका घरात जमते. रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, स्वयंपाकात हात लावायला सरसावू नका, त्याचे घरोघरचे नियम असतात. पण बसायला कुणी नाही म्हणत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक घरात एक माणूस असा असतो जो कुणासाठीच भाषा बदलत नाही. तो शोधून काढा. आमच्याकडे माझ्या चुलत सासूबाई. भाजीवाली असो, डॉक्टर असो, निवडणुकीचा उमेदवार असो, त्यांची अहिराणी एकच. सुरुवातीला त्यांचं मला अर्धंही कळायचं नाही आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. न कळल्याचा चेहरा केला की तेच वाक्य त्या तसंच्या तसं पुन्हा म्हणायच्या, फक्त मोठ्याने. भाषा शिकायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. मराठीत समजावून सांगणारा प्रेमळ माणूस शिकणाऱ्याचं नुकसान करतो.

लहान मुलांना मात्र यात ओढू नका. "बेटा, अहिराणी बोलून दाखव" असं पाहुण्यांसमोर म्हटलेलं मूल एकतर लाजतं, नाहीतर विनोदी व्हिडिओतला आवाज काढतं. दोन्हीतून काही मिळत नाही.

आपल्याशी बोलताना कुणी मराठीवर आलाच तर एकच वाक्य तयार ठेवा: "अहिरानीमा बोला, मले समजस." हे मी माझ्या काउंटरवर अजून वापरते. पुढचं उत्तर तुम्ही मराठीत दिलंत तरी बिघडत नाही. तो त्याच्या भाषेत, तुम्ही तुमच्या भाषेत, असं संभाषण महिनोन्‌महिने चालू शकतं, आणि चालू द्यावं.

बोलायला कधी लागायचं

समजायला लागल्यावर बऱ्याच उशिरा. आणि सुरुवात करताना हेल उचलू नका. अहिराणीचा हेल काढणं हे नकलाकारांचं काम आहे, आणि इथल्या लोकांनी आपल्या भाषेच्या नकला खूप सोसल्या आहेत. हेल तुमचाच राहू द्या, शेपूट बरोबर लावा. "रातले झोप येस का?" हे सांगलीच्या सुरात म्हटलं तरी आजीबाई उत्तर देतात. "काय व्हयनं?", "कोठे दुखस?", "कितला दिन?" एवढ्या तीन प्रश्नांवर माझी पहिली दिवाळी निघाली.

तुमच्या कामाची पाचसहा वाक्यं निवडा आणि तेवढीच वापरा. शिक्षिकेची वेगळी असतील, कर्जवसुलीवाल्याची वेगळी. बाकी वाक्य मराठीत गेलं तरी चालतं. भेसळीला कुणी नावं ठेवत नाही, ते स्वतःही करतात.

मानाचं जरा बघून. घरात आईला, आजीला 'तू' सर्रास चालतं आणि त्यात अपमान नसतो. पण तो हक्क घरच्यांचा. तुम्ही बाहेरचे असाल तर 'तुम्ही'वरच राहा: "तुम्ही कथा जातस?" हाक मारायला आप्पा, नाना, तात्या, जिभाऊ आहेत. वयस्कर बाईला 'माय' म्हटलं की काम होतं. 'भो' हे बरोबरीच्या पुरुषांचं आपसातलं. "हाव भो" कानाला कितीही गोड लागलं तरी मी गिऱ्हाइकाला ते म्हणत नाही. शिव्या तर सगळ्यात लवकर पाठ होतात. त्या समजू द्या, वापरू नका.

लोक हसतील. त्यात एक हसणं असतं "अरे, हिला येतंय" असं, आणि एक असतं "आमची टर उडवते का काय" असं. दुसरं दिसलं की लगेच मराठीवर या आणि कामाचं बोला. विश्वास बसला की तेच लोक पुढच्या खेपेला आपणहून अहिराणीत सुरुवात करतात.

जिथे चूक महागात पडते तिथे हौस बाजूला. औषध कसं घ्यायचं ते मी दोन्हीत सांगते आणि मग त्यांच्याकडून वदवून घेते. ते ज्या भाषेत परत सांगतील ती खरी. बँकेचे कागद, पोलीस, कोर्ट इथेही तेच करा.

वही, कोश, फोन

वही ठेवा, पण सुटे शब्द लिहू नका, अख्खी वाक्यं लिहा. समोर गाव आणि बोलणाऱ्याचं साधारण वय. कानाला जसं आलं तसं लिहायचं. ऱ्हायना की रायना, मना की मन्हा, यावर लिहिणाऱ्यांचंच एकमत नाही, तर तुम्ही कशाला अडता? काही महिन्यांनी वही चाळलीत की कोणत्या गावाचं काय वेगळं ते आपोआप दिसतं.

डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश आहे, तो घरात असावा. कोश ऐकलेल्या शब्दाची खात्री करायला वापरा, नवे शब्द वेचायला नको. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यात गावोगावच्या लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित आहेत, आणि ती इंटरनेटवर ऐकता येतात. आपल्या जवळचं गाव काढा आणि एकच तुकडा पाठ होईपर्यंत ऐका. यूट्यूबवरची अहिराणी गाणी लग्नात नाचायला झकास, पण त्यांत चारच ओळी फिरून फिरून येतात. त्यापेक्षा शेतकऱ्यांच्या मुलाखती बऱ्या.

खान्देशाबाहेर राहणाऱ्यांसाठी, म्हणजे आईवडिलांची अहिराणी फक्त कानावरून गेलेली पुण्या-मुंबईची, सुरतेतल्या उधना-लिंबायतची जी मुलं आहेत त्यांच्यासाठी, फोन पुरतो. गावी आजीला लावा आणि कळण्याची भाकर कशी करतात ते विचारा. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. किती उडीद, मीठ आधी की नंतर, यावर प्रत्येक आजीचं ठाम मत असतं. रेकॉर्ड करणार असाल तर तिला आधी सांगा. पहिल्यांदा ऐकताना भाकरीकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त 'ना-नी-नं'कडे. मध्ये एखादा शब्द अडला तर तिथेच तिला थांबवू नका, ती लगेच मराठीत सांगायला लागेल. लिहून ठेवा आणि पुढच्या फोनला भाकर बिघडली म्हणून परत विचारा.